हिरव्या रंगाचं पिंप

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या गोल्फ क्लबचे सभासद बंधुभगिनींनो, मैदानावरच्या माझ्या सोबत्यांनो, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे अजिबात न बघणाऱ्या माझ्या आई, सर्वांना नमस्कार.

आज आपण मुख्य मैदानरक्षकांना निरोप देतो आहोत. तुमचे ते साहेब, माझे सख्खे मामा. उद्यापासून त्यांची जागा मला मिळते आहे. आनंदाचीच गोष्ट, नाही का? मग आईनं माझ्याशी अबोला का धरला आहे? तेही सांगतो. मला दोन गोड शब्द बोलायला उभं केलंय, याची आठवण आहे.

मामांचा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. हिरवळीवरून कुणी टाचा घासत गेलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. माझा तर रोजच. पण उन्हाळा तोंडावर आला की हा माणूस जिवाला घोर लावून घ्यायचा. सकाळी ग्रीनवर, म्हणजे (मागे बसलेल्या नातेवाइकांसाठी सांगतो) चेंडू घालायचं भोक असतं तिथल्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, ते चालत जायचे आणि वळून आपल्याच पावलांकडे बघत बसायचे. दबलेलं गवत उठलं तर ठीक. तसंच पडून राहिलं तर त्याला तहान लागली. मामी म्हणते, माझ्या पायांच्या भेगा यांना कधी दिसल्या नाहीत.

यंदा नवव्या ग्रीनवर गवत उठेना. हिवाळ्यातल्या सामन्यात चेंडू झरझर पळावा म्हणून ते आणखी खाली कापायचा आग्रह झाला होता आणि मामांनी ऐकलं होतं. पान आखूड केलं की मूळही आखडतं. ऊन वाढलं तसं ते पिवळं पडत गेलं. मामांनी यंत्राचं पातं वर चढवलं, भोवती दोर बांधला आणि इथला खेळ बंद म्हणून सांगितलं. पण पाहुण्यांचा मोठा सामना तर पुढच्याच आठवड्यात. तेव्हा दोर काढा, गवत कापा आणि वरून हिरवा रंग फवारा, असं ठरलं. मामा नाही म्हणाले. त्यानंतर सगळ्यांना अचानक त्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली आणि हा सुंदर समारंभ ठरला. पुष्पगुच्छ खरोखर छान आहे.

मामांच्या जागी येऊन रंग मारशील का, असं मला विचारलं तेव्हा मी मान डोलावली. आईचा अबोला त्या दिवसापासूनचा.

काल रंगाचं पिंप आलं. अवजारांच्या खोलीत मामा आपले जुने बूट आणि डबा आवरत होते. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी चष्मा लावून पिंपावरचा मजकूर वाचला आणि म्हणाले, "मारणारच असशील तर सकाळच्या गारव्यात मार. आधी पाणी दे. तापलेल्या पानावर मारलास तर उरलंसुरलंही जाईल."

मग तेच पुढे म्हणाले, "मीही एकदा हो म्हटलंच की. तुला कुठल्या तोंडानं बोलू?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, अजूनही वाटते आहे.

अध्यक्षमहोदय, आवरतं घेतो. आज सकाळी ते पिंप मी आलं तिथे परत पाठवलं. नवव्याचा दोर मी काढलेला नाही, काढणारही नाही. उद्या ही जागा माझी राहील का? ठाऊक नाही. घरी लहान मुलगी आहे, त्यामुळे भीती वाटते, हे लपवत नाही. मामा, एवढा उन्हाळा अधूनमधून येऊन माझ्या पिढ्यांचा उद्धार करत जा. त्या तुमच्याही आहेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. मला भाषणाची सवय नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. नवव्या ग्रीनबद्दल जे बोललो, ते मात्र त्यात धरू नका.