आमचे हे आणि दादाच्या लिफ्टची बातमी

...आणि वर मलाच विचारतात, 'भाजी चांगली झालीये, असं तुझं म्हणणं आहे का?' आता तुम्हाला सांगते, बायकोनं भाजी कशी झालीये विचारलं तर कुठलाही नवरा 'छान' म्हणतो आणि पुढचा घास घेतो, की नाही? आमचे हे नाही. हे आधी सासूबाईंकडे बघणार, 'आई, तुझं काय मत?' म्हणणार, त्या म्हणणार मीठ कमी आहे, आणि मग हे दोघींची मतं नोंदवल्यासारखी मान हलवून शांतपणे पाणी पिणार... एकदा गॅलरीतल्या दोरीवर आधी कुणाचे कपडे घालायचे यावरून माझं आणि सासूबाईंचं वाजलं. मी म्हटलं, अहो, तुम्हीच सांगा कुणाचं चुकलं. तर म्हणाले, 'दोघींनी आपापली बाजू मांडली आहे.' मांडली आहे, मग पुढे? पुढे काही नाही. पेपर उघडला. माणूस वाईट नाही हो. पत्रकार आहे.

बरं, हे घरातल्या घरात होतं तोवर मी चालवून घेतलं. पण दादाच्या लिफ्टचं प्रकरण झालं आणि माझं डोकंच फिरलं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. गावातल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे आहे. कामाला चोख, पण स्वभाव भिडस्त आणि तोंड अखंड चालू. तर एका सकाळी त्याच्याकडची एक लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून सरसर खाली आली आणि तळाला आपटली. आत गाण्याचा क्लास घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा पाय मोडला.

संपादकांनी बातमी कुणाच्या टेबलावर टाकावी? यांच्याच. हे म्हणाले, 'लिफ्टवाले माझे मेव्हणे आहेत. मला ही बातमी नको.' संपादक म्हणाले, 'उत्तम. म्हणजे तुमचा फोन तरी उचलतील.' हे म्हणाले, 'म्हणूनच नको.' शेवटी ती एका नव्या बातमीदार मुलीकडे गेली. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी हळूच म्हटलं, तिच्या कानावर घाला ना, दादाला जरा सांभाळून घे म्हणून... तुम्हाला सांगते, मी कुणाच्या घरी चोरी करायला सांगितल्यासारखं बघितलं माझ्याकडे. म्हणाले, 'सोडली म्हणजे सोडली. मागच्या दारानं परत धरायची नाही.'

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, चल, त्या बाईंना भेटून येऊ. गेलो दवाखान्यात. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा एवढासा झालेला, आणि त्या आमचीच समजूत घालायला लागल्या. 'माझंच चुकलं असणार हो,' म्हणाल्या, 'क्लासला उशीर होत होता, मी बटण सारखं सारखं दाबत होते. तुमच्या मिस्टरांना उगाच माझ्यामुळे त्रास.' वहिनी नुसती चादरीची घडी नीट करत राहिली. मी घरी येऊन हे यांना सांगितलं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आणि रविवारी सकाळी दादा दारात. चपलासुद्धा नीट काढल्या नव्हत्या, तोवर सुरू, 'भाऊजी, त्या मुलीला मी सांगितलंय, विजेचा दाब कमी-जास्त झाला आणि लिफ्ट घसरली. तेवढं नीट छापून येऊ द्या.'

हे म्हणाले, 'दादा, बातमी माझ्याकडे नाही. आणि मला काही सांगू नका. सांगितलंत तर ते मला माहीत होईल.'

आता दादाला सांगू नका म्हटल्यावर तो गप्प बसणार आहे का? 'अहो, घरातल्या घरात काय लपवायचं... विजेचं काही नव्हतं. ब्रेक झिजला होता. मी त्या सोसायटीच्या अध्यक्षांना सांगितलं होतं, लिफ्ट बंद ठेवून बदलायला हवा. ते म्हणाले, जिन्याचं रंगकाम चालू आहे, आत्ता लिफ्ट बंद केली तर लोक ओल्या रंगाला हात लावत चढतील. काम हातचं जाईल म्हणून मी म्हटलं, बरं, रंग वाळू दे.'

यांनी चहाचा कप खाली ठेवला. 'दादा, हे तुम्ही मेव्हणे म्हणून सांगितलंत, की लिफ्टवाले म्हणून?'

'दोन्ही मीच की.'

'तीच तर अडचण आहे. आता त्या मुलीला फोन करा आणि खरं काय ते सांगा. संध्याकाळी पान छापायला जाईल. तोवर तुम्ही नाही सांगितलंत, तर मी तिला फक्त एवढंच म्हणेन, ब्रेकबद्दल विचार.'

दादाचा चेहरा उतरला. 'मी तुम्हाला घरचा माणूस समजून बोललो, भाऊजी.'

'घरचा आहे म्हणूनच आधी म्हटलं होतं, बोलू नका.'

मग मात्र मी मधे पडले. म्हटलं, अहो, माझा भाऊ आहे तो, त्याचा धंदा बसेल, वहिनीनं काय करायचं, भाच्यांची शिक्षणं व्हायचीत... हे म्हणाले, 'बरोबर आहे तुझं.' बघा, माझी बाजू ऐकून घेतली. आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, 'त्या बाई काय म्हणाल्या, ते दादांना सांगितलंस का?'

नव्हतं सांगितलं. का नव्हतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वहिनीही घरी बोलली नव्हती. मी म्हटलं, दादा, त्यांना वाटतंय, बटण सारखं दाबलं म्हणून लिफ्ट पडली. त्या स्वतःला दोष देतायत.

दादा सोफ्यावर बसला. मग म्हणाला, 'असं म्हणाल्या?' म्हटलं, हो. आणि तुम्हाला सांगते, त्याचा मोबाइल उचलून त्याच्या हातात मी दिला. यांनी नाही. हे तर उठून गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. का? तर मुलाखत चालू असताना नातेवाईक समोर नको. माणूस वाईट नाही हो. पत्रकार आहे.

बातमी आली. दादाची चूक आली, अध्यक्षांचं रंगकाम आलं, अध्यक्षांचा खुलासाही आला, की रंगाचा आणि ब्रेकचा संबंध जोडणं दुर्दैवी आहे. मी म्हटलं, ठीक आहे, झालं एकदाचं. आणि खाली बघते तर चौकट. 'या बातमीतील लिफ्टचे ठेकेदार आमच्या एका वार्ताहराचे मेव्हणे आहेत. त्या वार्ताहराचा या बातमीच्या लेखनात सहभाग नाही.' ही चौकट कुणी मागून घेतली असेल? वाचकांना माहीत असायला हवं, म्हणे. आता मला सांगा, अख्ख्या गावाला माहीत नव्हतं, ते या चौकटीनं कळलं की नाही? बातमी कुणी वाचली नाही, चौकट सगळ्यांनी वाचली. शिंपी माप घेता घेता विचारतो, 'ताई, ते मेव्हणे म्हणजे तुमचे बंधू का?' अर्धे लोक म्हणाले, नवऱ्यानं मेव्हण्याला बुडवलं. उरलेले म्हणाले, अध्यक्षांना मधे ओढून वाचवलं. मी यांना म्हटलं, ऐकताय ना? तर म्हणाले, 'दोन्ही बाजू नाराज आहेत,' आणि चेहऱ्यावर कसलं समाधान... आईचा फोन आला, 'जावयांना विचार, आमच्याकडे जेवायला आले की कशावर बोललेलं चालतं.' माणूस वाईट नाही गं, मी म्हटलं. पुढचं आईच म्हणाली.

दादाची ती इमारत गेली. आणखीही काही गेल्या. पण तो त्या गाण्याच्या बाईंकडे गेला, एकटा, आणि समोर बसून सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. त्या मग म्हणाल्या, 'बरं झालं बोललात. मला बटणाचीच भीती बसली होती.' हे दादानंच मला फोनवर सांगितलं. तेव्हापासून तो स्वतः एकेक ब्रेक तपासत हिंडतोय. शंका आली की आधी लिफ्ट बंद, मग अध्यक्षांशी बोलणं.

परवा आमच्या इमारतीत आला. आम्ही पाचव्या मजल्यावर. ब्रेक बघितला, लिफ्ट बंद केली, पाटी लावली आणि निघाला. मी म्हटलं, अरे, नवा ब्रेक कधी बसवतोस? तर म्हणाला, 'तुमचा नंबर सगळ्यात शेवटी. बहिणीची इमारत आधी केली असं व्हायला नको.'

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, निदान सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तरी काही बोलतील. हे म्हणाले, 'दादांचा मुद्दा योग्य आहे.'

तर तुम्हाला सांगते, तेव्हापासून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन रोज पाच मजले चढतेय. सासरी एक निःपक्षपाती माणूस होता, त्याला मी सांभाळत होते. आता माहेरीही एक झाला.