आठ म्हंजे आठच ना जी!

नाही, पण मले एक सांगा, आठ म्हंजे आठच ना जी? मराठीतला आठ काय आठ नाही होय? आँ? तुमाले सांगतो, थ्या परीक्षकायनं माह्या पोरीचे... थांबा, अशानं तुमाले नाही समजाचं, मुळापासून सांगतो.

माही रेणू फिगर स्केटिंग करते. बरफावरचं नाही जी, चाकावरचं. आमच्या सिहोऱ्यात बरफ दिसते थो गोळ्याच्या गाडीवर! जमिनीवर रेघ आखलेली असते, तिच्यावरूनच चाकं गेली पायजेत, जरासं इकडं-तिकडं झालं का मार्क कटले. तिचे सर नागपूरचे, भूपेंद्र सर, फोनवरूनच शिकवत, लई गोड बोलणं: "भैय्यालालजी, असं करा, जमिनीवर मोठ्ठा आठ काढा आणि तिला रोज त्यावरून फिरवा हं!" काढला ना मंग! माह्या गिरणीपुढं धान वाळवाचा शिमिटाचा ओटा आहे, त्याच्यावर चुन्यानं काढला, गुरुजीनं शिकवला तसा, ठसठशीत... ८! वरून येते, वळण घेते अन् शेपटी सोडून बाहेर! पोरगी रोज वरून सुटे अन् शेपटीवरून बाहेर पडे, लोण्यावानी! राज्याच्या स्पर्धेत तिच्या गटात ते एकटीच, रेघीवर फिराचं कामच नाही पडलं, नुसती उभी राहिली तं नंबर आला. मंग चूक कोणाले दिसणार जी?

अन् आमची शकुनबाई, तिचं अलगच. "काहो, धान वाळवाचं का पोरगी फिरवाची? देशात नंबर आला तं ठीक, नाही तं चाकं माळ्यावर अन् हे बारावीच्या अभ्यासाले!" बायको बोलली म्हंजे काळ्या दगडावरची रेघ. रेणू नुसती चाकं पुसत बसली. मले जेवण नाही गेलं जी त्या दिवशी.

गेलो आमी बापलेक देशाच्या स्पर्धेले. पाहतो तं काय, जमिनीवर एकाले एक चिकटून दोन गोल! बाजूच्याले इचारलं, हे काय होय? म्हणे, "भाईसाब, आठ है." आठ? हे? अरे बाप्पा, इंग्रजी आठ! पण आठ म्हंजे आठच ना जी? पोरीले सांगाले धावतो तं शिटी वाजली...

सुटली रेणू. काय सुंदर सुटली! अर्धा गोल आला, रेघ नाही सोडली, अन् मंग पायाची सवय... निघाली शेपटीवरून बाहेर! सीधी परीक्षकायच्या टेबलाकडं! तिथली बाई उठून उभी: "अरे बेटा, रुको, रुको!" मी खुर्चीवर चढलो अन् बोंबललो, "रेणू, बांध आला व! पलट!"

अन् पलटली जी! आपल्या शेतात बांधापाशी नांगर पलटवते ना, तशी, एका पायावर, जागच्या जागी! पडली नाही, रडली नाही, आली वापस रेघीवर अन् दोन्ही गोल पुरे करूनच थांबली. सारा हॉल टाळ्या वाजवून राहिला अन् मी खुर्चीवर उभा, ढसाढसा रडून राहिलो.

मार्क कटलेच. निकाल लागला, आठवी. तेवढ्यात शकुनबाईचा फोन. "नंबर आला का?" म्हटलं, आला. "कितवा?" आठवा. "देशात?" ...देशातच. तिकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हणे, "पोरीले द्या फोन." बसल्या मायलेकी बोलत, आपल्याले कोण इचारते!

घरी येतो तं माहं सारं धान सडकेवर! ओटा झाडून साफ, अन् त्याच्यावर शकुनबाईनं सोताच्या हातानं चुन्याचे दोन गोल काढलेले, एकाले एक चिकटून. म्हणे, "याच्यावर फिर व आता. बापाच्या नादी लागू नको." बोला! अन् गावभर सांगून राहिली, माही पोरगी देशात आठवी! सारे वा वा करतात, पेढे खातात. एकूण किती पोरी होत्या, थे कोणी बी इचारलं नाही, देव भलं करो.

...आता तुमी काहून इचारून राहिले जी?

आठ.

आठ म्हंजे आठच ना जी!