कुंदाला कोंडलं कुणी

— नाही नाही, चटया राहू द्या आता, कमळाबाई. बसा. खाली नको — इथे, माझ्यासमोर, खुर्चीवर. हो, खुर्चीवरच. आल्या दिवसापासून तुम्हाला जमिनीवर बसवलं ना, आज वर बसा. पाठ छान झाला तुमचा. तपासनीसबाई तर खूशच होत्या — या वयात शिकायला आल्या, मुलांची भाषासुद्धा उचलली म्हणाल्या. ‘हेडे अच’ म्हणता तुम्ही, आणि सिंध्यांची पोरं धावत येतात. मला मेलं ते दोन वर्षं जमलं नव्हतं. असो. पण तपासनीसबाई खूश झाल्या म्हणून काय होतंय? शिक्का बसतो तो माझ्या शब्दावर. तिकडे व्हरांड्यात चहा पिताहेत त्या, कप खाली ठेवला की मला विचारतील — काय हो उमाबाई, तुमची उमेदवार कशी? — आणि मी जे बोलेन तेच. गंमत आहे की नाही? एकेकाळी ‘ए उमा’ म्हणून हाक मारायचात मला.

तुम्हाला वाटत असेल, नशिबानं इथे आणून टाकलं. कुठे ते अंबरनाथचे साहेबलोकांचे बंगले आणि कुठे ही उल्हासनगरची बराक — वर पत्रा, खाली सिमेंट, नळावर निर्वासितांच्या बायांची भांडणं. नशीब कसलं डोंबलाचं! तुम्हाला उमेदवारीला कल्याणचं बालमंदिर मिळालं होतं. ठरलं होतं. मी स्वतः गेले ट्रेनिंगच्या केंद्रात, तिथल्या बाईंना म्हटलं, ती अंबरनाथची विधवा बाई आहे ना, कमळाबाई, ती माझ्याकडे द्या, मी शिकवते तिला. मागून घेतलं मी तुम्हाला. अगदी दुकानातून वस्तू मागावी तसं. — का म्हणजे? तुम्ही विचारता?

बरं, सांगते. मी तेव्हा नुकती शिकून आले होते, बदलापुरातल्या कुळगावहून रोज यायची, अंबरनाथला तुमच्या बालमंदिरात उमेदवारी पूर्ण करायची होती मला. तुम्ही साहेबांच्या बायको, मुख्य बाई, तुमचं ट्रेनिंग वगैरे काही नाही, पण विचारणार कोण? आणि कुंदा — चार वर्षांची, मोठ्या साहेबांची पोर — तिनं शेजारच्या पोराला चावा घेतला. घेतात मुलं, त्यात काय? तुम्ही तिचं बखोट धरलं आणि सामानाच्या खोलीत टाकून बाहेरून कडी घातली. मी म्हटलं, बाई, उघडते मी — तर तुम्ही म्हणालात, तू जा, बाकीची मुलं घरी पोचव. मी गेले. कारखान्याचा भोंगा झाला, तुम्हाला कुणाकडे तरी हळदीकुंकवाला जायचं होतं, तुम्ही गेलात. पोर आत तशीच! विसरलात तुम्ही तिला, कमळाबाई, छत्री विसरावी तशी.

मी माघारी आले तेव्हा दारावर नखं घासल्यासारखं ऐकू आलं. कडी काढली. पोरीचा आवाज बसलेला, कपडे ओले, नाकातोंडातून पाणी, आणि अशी चिकटली मला की माझा श्वास कोंडला. तिला घेऊन बाहेर पडते तोच आई तिची समोर. मुलगी घरी आली नाही म्हणून शोधत आलेली. आणि मागून तुम्ही, हातात हळदीकुंकवाची खण-नारळाची पिशवी. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, आता सांगतील. आणि तुम्ही काय बोललात? आठवतंय? — मला आठवतंय, तोंडपाठ आहे — ‘मी हिला सांगत होते हो, मुलांना कोंडत जाऊ नकोस म्हणून.’

ठेवून दिली कुंदाच्या आईनं माझ्या गालावर. व्हरांड्यात, तुमच्याबरोबर हळदीकुंकवाहून आलेल्या सगळ्या आयांसमोर. मी बोलले, नाही असं नाही, पण कोण ऐकतंय? तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात — हात! — आणि म्हणालात, चुकते ती, लहान आहे, पण मुलांजवळ ठेवण्यासारखी नाही. झाली माझी उमेदवारी. बदलापूर काय लांब आहे का? बातमी माझ्याआधी घरी. सोनिवलीचं स्थळ होतं, श्यामकांत नाव त्याचं, बैठक झाली होती. त्यांनी निरोप पाठवला, पोरं कोंडणारी सून नको. दादांनी त्यानंतर माझ्यासाठी कुठे चपला झिजवल्या नाहीत. मी ही बराक धरली, कारण इथे कुणालाच यायचं नव्हतं. सगळी उमेदवारी पहिल्यापासून केली. या पोरांच्या उवा काढल्या, खरूज धुतली. तेव्हा कुठे बाई झाले.

आणि तुमचे साहेब गेले, बंगला गेला, ग्रँटवाल्यांनी नियम काढला की ट्रेनिंगशिवाय बाई नको — मला तेव्हा पेढे वाटावेसे वाटले होते. खोटं कशाला बोलू! तुम्हाला मी नळावर उभं केलं, वाळू चाळायला लावली, पोरांसमोर ‘अहो उमेदवार, असं नाही’ म्हणून दहा वेळा टोकलं. वाट बघत होते, कधी चिडता, कधी पोराला हात लावता. एकदा लावा, म्हटलं, एकदा! नाही लावलात. उलट ती पोपटी — दोन पावसाळे माझ्याशी अक्षर बोलली नाही ती पोरगी, मी काय काय नाही केलं तिच्यासाठी — तुमच्या मांडीवर बसून ‘अम्मां, पाणी’ म्हणाली. त्या दिवशी मी नियम काढला ना, मुलांना मांडीवर घ्यायचं नाही? पुस्तकात नाहीये तो. मीच काढला. — बघू नका माझ्याकडे अशा.

मुद्द्याचं ऐका. तपासनीसबाईंच्या शेजारी बसल्यात त्या कोण, ओळखलंत ना? कुंदाची आई. आता तुमचं ते बालमंदिर चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा. तुम्हाला परत अंबरनाथला नेमायला आल्यात. मघाशी मी चहा दिला, तर म्हणाल्या, थँक्यू हं बाई, साखर कमी घालायची. ओळखलं नाही मला! माझा गाल अजून चरचरतो, आणि त्यांना माझं तोंडसुद्धा आठवत नाही. तर आता असं करायचं. तुम्ही तिथे जायचं आणि सांगायचं — कुंदाला मी कोंडलं होतं. उमानं नाही, मी. तिनं सोडवलं. एवढंच. नोकरी राहते की जाते ते तुमचं तुम्ही बघा. नाही जमत? मग मी जाते आणि तुमचंच वाक्य सांगते, मुलांजवळ ठेवण्यासारख्या नाहीत —

काय? — काय म्हणालात?

हो? हो म्हणजे — आत्ता? अहो, पदर तरी नीट... थांबा. थांबा जरा. तुम्ही नाही म्हणायला हवं होतंत. मी किती वर्षं ते ‘नाही’ धरून बसलेय, त्यापुढचं सगळं ठरवून ठेवलंय, आणि तुम्ही सरळ उठून — मला वाटलं रडाल, पाया पडाल, साहेबांचं नाव काढाल... आणि ऐका, उगाच चांगली समजू नका मला. तुम्ही हो म्हणालात तरी नापासच करणार होते. तेच ठरलं होतं माझं. आता — आता मला सुचत नाहीये.

नाही, माफी नको. माझ्याकडे मागूच नका ती, मी देणार नाही. माझा हात सोडा, कमळाबाई. जायचं तर जा, त्यांचा चहा संपत आला. आणि इथे बोलताय तसं तोंडातल्या तोंडात नाही — तेव्हा कसं खणखणीत बोलला होतात, तसं. मी इथे दारात उभी आहे. मला इथवर ऐकू आलं पाहिजे.

जा.