निळी कड

मारोती : ते बाटली ठेव खाली आधी. आल्यापासून उन्हात धरून काय पाहून राह्यली?

शीला : तळ्याचं पाणी, बाबा. जीपमधून उतरली अन सरळ घाटावर गेली. पायरीपाशी जी साय साचली ना, ते भरून आणली. भरली तेव्हा हिरवट होती. आता पाहा, खाली निळी कड उतरली.

(पोळ्याचा तिसरा दिवस, दुपार. शीलाचं दिग्रसला शोभेच्या मासोळ्यांचं अन काचेच्या टाक्यांचं दुकान आहे. आज ती माहेरी आली आहे. ओट्यावर तिचा बाप मारोती, ग्रामपंचायतीचा पाणीवाला. दारात आई, नलू.)

मारोती : निळी कड साऱ्या गावानं पाह्यली. घाटाच्या पायरीवर हातभर पट्टा हाये. म्हणून तं लोक म्हणून राह्यले का डोमाजीनं जहर कालवलं. तळं त्याच्या ठेक्यात, मासोळ्या त्याच्या. मागच्या पोळ्याले तो बोललाच होता का बैलं धुता धुता माह्ये पिल्लं तुडवता म्हणून. शनिवारी पहाटे त्याचा डोंगाही दिसला पाण्यात. अन पोळ्याच्या दिवशी हरिसिंगचा बैल पाखऱ्या घाटावर पाणी पेला, तोरणाखाली येता येता बसला, तो उठलाच नाही. झूल तशीच अंगावर. आता तूच सांग, संशय कोणावर जाईन?

शीला : डोमाजीकाकाच्या मासोळ्याही मेल्या ना पण. आपल्याच पिल्लायले कोण जहर घालते?

मारोती : ते मले काय माहीत. बोअरचं पाणी हाये म्हणून माणसं तरी वाचले. संध्याकाळी बैठक हाये. सरपंचानं तुलेच बोलावलं, मारोतीच्या पोरीले पाण्यातलं समजते म्हणे. तू पाहून काय ते सांग.

शीला : हा निळा रंग जहराचा नाही. शेवाळाचाच हाये. ते पोपटी, रंग सांडल्यावानी तरंगत होतं ना, त्याच्या अंगात दोन रंग असतात. जितं असते तोवर हिरवाच दिसते, निळा आत दडून राह्यते. मेलं का हिरवा उडून जाते अन निळा पाण्यात सुटते. माह्या दुकानातही येते ते, टाकीच्या तळाले. खरवडून वाटीत ठेवलं का दोन दिवसांत वाटी निळी.

मारोती : म्हणजे कोणी काही टाकलंच नाही. बस, हेच सांग बैठकीत. डोमाजीही सुटला. नलू, पोरीले चहा ठेव.

शीला : राहू द्या चहा. बाबा, एवढं शेवाळ आपोआप मरते तं थोडं थोडं मरते. हे अख्खं तळं एका दिवसात मेलं. या जातीच्या शेवाळाच्या पोटात जहर असू शकते, ते सारं एकदमच सुटलं. पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी तुम्ही मले फोन केलता. आठवते?

मारोती : फोन तं मी करतच राह्यतो.

शीला : करता, अन कधी येतं एवढं इचारून ठेवता. त्या दिवशी इचारलं, टाकीतलं शेवाळ कायनं जाते. मी म्हटलं, निळ्या दवाईचे दहा थेंब. मग तुम्ही इचारलं, त्या दवाईत काय असते. मी म्हटलं, मोरचूद, दुसरं काय. मले वाटलं, बाबाले आज माह्या धंद्याचं कौतुक वाटून राह्यलं. दिवसभर खुश होती मी.

नलू : पोतंभर आणलं यायनं दारव्ह्याहून. मी इचारलं तं म्हणे संत्र्याले फवारा मारायचा. आपल्या घरी संत्र्याचं एक झाड नाही.

मारोती : तू चूप राह्य.

नलू : तीन दिवस चूपच होती.

शीला : बाबा?

मारोती : काय बाबा बाबा करतं... टाकलं. मीच टाकलं. वास मारून राह्यलं होतं तळं. सरपंच चार लोकायसमोर म्हणे, मारोती, पोळ्याले बैलं या घाणीत धुवावं काय? बावीस वर्षं झाले पाणी सोडतो गावाले, असं ऐकून घेतलं नव्हतं. मी अंदाज केला, तुह्या टाकीले दहा थेंब, तं तळ्यात अशा किती टाक्या बसतीन. फवाऱ्याचं औषध हाये, वावरात सारेच वापरतात, त्यानं काय होते? शनिवारी पहाटे डोंगा घेतला, पोतं मागं बांधलं अन वल्हवत फिरलो. रविवारी मधलं पाणी असं साफ झालं का तळ दिसे. लोक म्हणे, यंदा पोळ्याले पाणी छान उतरलं. मी तिथंच उभा होतो. कोणाले सांगितलं नाही, म्हटलं पोळा झाला का सांगीन.

शीला : मीही सारं कुठं सांगितलं? थेंब टाकायच्या आधी मासोळ्या काढा लागतात. मेलेलं शेवाळ उपसा लागते, अर्धं पाणी बदला लागते. तळ्याचं पाणी कोण बदलीन? माही चूक मी बैठकीत सांगतो.

मारोती : तुही काही चूक नाही. अन बैठकीत एवढं सांग का निळा रंग शेवाळाचा. खरंच हाये ना ते? खोटं बोल असं मी कुठं म्हणून राह्यलो?

शीला : खरं हाये, म्हणूनच भेव वाटते मले. तेवढं ऐकून लोक निश्चिंत होतीन अन उद्या बकऱ्या पाण्यावर आणतीन. ते पाणी आता तपासल्याशिवाय जनावराच्या तोंडाले लागू द्यायचं नाही. अन पुढच्या साली शेवाळ आलं का आणखी कोणी मोरचूद घेऊन येईन.

मारोती : तुले नाही समजत. माह्या बापाले त्या घाटावर उतरू देत नव्हते. तो मागच्या वाटेनं जाये, बाभळीतून, अन गाळातलं पाणी भरे. आज त्याच्या पोराच्या हाती गावाच्या पाण्याची चावी हाये. मी कबूल केलं तं मारोती चुकला असं कोणी नाही म्हणणार. म्हणतीन, यायच्या हाती पाणी दिलं अन यायनं बिघडवलं. साऱ्या मोहल्ल्यावर येईन ते. तू उद्या दिग्रसले निघून जाशीन. आम्हाले इथं राह्यचं हाये.

शीला : म्हणतीन काही लोक. मी नाही म्हणत नाही.

मारोती : मग?

शीला : डोंगा इचारून घेतला होता का डोमाजीकाकाले?

मारोती : आदल्या दिवशी. म्हटलं, तळ्यातल्या जुन्या पंपाच्या पाइपात कचरा अडकला, पाहून येतो.

शीला : मघाशी ते घाटावरच होते. मेलेल्या मासोळ्या टोपल्यात भरून राह्यले होते. मी इचारलं, काका, शनिवारी डोंगा कोणी नेला? हात नाही थांबवला त्यायनं. म्हणे, रश्शी सुटली असन, पोरी. वाऱ्यानं गेला असन.

नलू : परवा चार जण त्याच्या अंगावर धावून गेलते. कॉलर फाटली त्याची. तवाही त्यानं नाव घेतलं नाही.

मारोती : त्याले... त्याले मालूम हाये?

शीला : मालूम नसन काय? डोंग्याच्या बुडाले अजून निळी भुकटी चिकटली हाये, बाबा. मी बोटानं पाह्यली. ती शेवाळाची नाही.

मारोती : बोलला काहून नाही तो?

शीला : ते त्यायलेच इचारा.

(मारोती उठून दारामागच्या खुंट्या चाचपतो.)

नलू : काय शोधून राह्यले?

मारोती : माहा सदरा. पांढरा. अन ते उरलेलं मोरचूद टाकीखालच्या खोलीत हाये, पिशवीत. ते घे, शीला. बैठकीत दाखवा लागीन.

शीला : मी येतो संगं.

मारोती : ये. पण आधी मी बोलीन. शेवाळाचं काय ते तू मागून समजावून सांग.

नलू : आता एकटं-दुकटं घाटावरून नका जाऊ. हरिसिंगच्या घरचे बसले हायेत तिथं. मागच्या वाटेनं जा, बाभळीतून.

मारोती : मागच्या वाटेनं माहा बाप गेला, जल्मभर. त्यानं तं काहीच केलं नव्हतं. मी केलं. मी घाटावरूनच जातो.