बँकेच्या दारात काढलेल्या चपला

…तं मले सांगा, ह्यात माही का चूक? गोंदियाच्या भर बाजारातली ते दगडी इमारत म्या सारा जलम बँक म्हनूनच पाहिली. बँक होती जी ते, बँक!

चार वर्सांआधी आमच्या बिरसीत चोऱ्या वाढल्या, तवा माह्या बायकोची, वच्छलाची, गळ्यातली सोन्याची एकदानी मीच डब्बीत घालून, कापडात शिवून, लाखेचा शिक्का मारून तिथं ठेवाले देली होती. अंगठा लावला होता! आता आठ दिवसांवर पोरीचं लगन, पोराचे बाप मोरगावचे केशोराव, त्यायले एकदानीचा शब्द देलेला, म्हनून घ्याले गेलो. मधात काऊन नाई गेलो म्हनता? धानाच्या बांधीतून मान वर होते का कधी?

दारात नेहमीसारख्या चपला काढल्या. बँकेत चपला घालून आपल्या इकडं जाते का कोनी? दारावर सुखराम चौकीदार, तोच स्टूल, त्याच मिशा. गर्दी तेवढी लय होती. म्या म्हटलं, लोकं सुधरले बापा! रांगेत लागलो. खिडकी तेच, गज तेच. आतला बाबू म्हने, "कितने?" म्या अंगठा पुढं केला. तो म्हने, "एक?" म्या म्हटलं, "एकच. डावा." त्यानं चिठ्ठी फाडून देली न् आठ आने घेतले. आपलीच वस्तू घ्याले आठ आने! पन लगनघरचा मानूस कुठं भांडत बसते…

आत गेलो तं अंधार. बँकेत अंधार कायले? चाचपडत बसलो, तं समोरची भिंत उजळली न् भिंतीएवढी बाई हासून राहिली. बाईचं मले काही नाई, पन तिच्या गळ्यात… एकदानी! आमची! तेच मनी, मधात तोच खडा. लाल खडा तेवढा काळा दिसे, म्या म्हटलं ठेवून ठेवून काळा पडला असंल. उभाच राहिलो न् ओरडलो, "ओ बाई, काढ ते! माह्या पोरीचं लगन आहे!"

मांगून शिट्ट्या! "बैठ जा, चाचा!" कायले बसतो मी? बँक होती जी ते, बँक! ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालते का बँक?

सुखरामनं दंड धरून बाहेर आनलं. म्हने, "दुधरामभाऊ, बँक रेल्वेच्या फाटकापलीकडं नव्या इमारतीत गेली, दोन वर्सं झाली. दुलीचंद शेठनं इथं टॉकीज काढली, मलेबी दारावर ठेवून घेतलं. बँकेची चिठ्ठी नाई आली का घरी?"

आली होती ना! पन शिक्क्याचा कागद तो… वच्छलानं देवाजवळ ठेवला, दर दिवाळीले हळदकुंकू लावते. वाचाचा असते हे कोनाले ठाऊक?

न् खाली पाहतो तं चपला गायब! नव्या कोऱ्या! इतके वर्सं त्या दारात काढल्या, कोनाचा हात नाई लागला. तसाच उघड्या पायानं, चैताच्या उन्हात, फाटकापलीकडं धावलो. नव्या बँकेत डब्बी होती, शिक्का जसाचा तसा, आत एकदानी, खडा लालभडक. मटकन खालीच बसलो न् लहान लेकरावानी रडलो जी, खोटं कायले सांगू?

इथं संपलं असतं. पन शिट्ट्या मारनाऱ्यात आमच्या गावचा परसराम होता. दिवस बुडाच्या आत गावभर झालं, दुधरामच्या बायकोची एकदानी सिनेमात काम करून राहिली. तिथून मोरगावले. म्या म्हटलं, गेलं लगन! इज्जतदार मानूस, सिनेमातली एकदानी सुनेच्या गळ्यात घालू देईल का तो? रातभर डोळा नाई लागला.

सकाळी केशोरावचा निरोप आला. लगन पक्कं. पन वऱ्हाड आधी टॉकीजात जाईल, सुनेची एकदानी पडद्यावर कशी दिसते ते पाहाचं आहे म्हने.

वच्छलाले समजावाले गेलो, तं ते नव्या लुगड्याची घडी मोडून, नेसून बसली होती. म्हने, "माही एकदानी साऱ्या गोंदियानं पाहिली, मीच नाई पाहिली."

आता मंगळवारी पन्नास वऱ्हाडी घेऊन चाललो जी. सगळ्यायले बजावून ठेवलं, चपला हातात घेऊन बसा बापा… ते बँक नाई राहिली आता.