दुधीचा केक

मरोळच्या बेकरीबाहेर रांग होती. घरी कालवलेला केक लोक तिथल्या भट्टीत भाजून नेतात. माझ्यापुढे काळ्या कपड्यांतली क्लारा होती आणि तिची मार्सेलिना मावशी.

"बघू डबा. दुधी पिळलास ना?"

"नाय पिळला."

"वेडी काय गं? केक मध्ये बसेल. तुझ्या आईचा बसायचा तसा."

"तसाच हवाय. उद्या तिला जाऊन महिना होतो, चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा आहे. गेल्या रविवारी पिळून केला, झकास फुगला. पप्पांनी एक घास खाल्ला नि विचारलं, कुठल्या दुकानातला?"

"बर्नार्ड पण ना! जन्मभर त्या केकला नावं ठेवली त्याने."

"आता तोच मागतात. कॅनडाहून आलेल्या रेसिपीत झुकिनी नावाची भाजी होती, आईने तिच्याऐवजी दुधी घातला. त्याला पाणी सुटायचं. मी कितीदा सांगितलं, आई, पिळून घे. तर म्हणायची, असू दे गं. मला वाटायचं, कंटाळा करते."

"कंटाळा कसला? बोटं मिटत नव्हती तिची."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नाआधीपासून. तू कामावर गेलीस की कपडेपण मीच येऊन पिळायची. तुला सांगू नको म्हणाली होती."

क्लाराने डब्याचं झाकण लावलं.

"सरक पुढे, बाय. तुझा नंबर आला."

"मावशी, भट्टीवाल्याला तूच सांग ना. मध्ये बसला तर बसू दे, म्हणावं."