विहीणबाईंकडचा उपास

नाही, पण मला एक सांगा, सून आठ दिवस जेवली नाही हे कोणी हसत हसत कळवतं का हो? तेही गणपती बसायच्या दिवशी, सकाळी सकाळी, आमचे धनसिंगआबा आंघोळ करून आरतीचं ताट धरून उभे, त्यांची बायको भागाबाई मोदक तळतायत, आणि फोनवर पलीकडून धुळ्याच्या विहीणबाई, जतनबाई, साखरेसारख्या आवाजात, "आबा, आनंदाची बातमी! दिपमालानं आठ दिवसांत अन्नाचा कण घेतला नाही! उद्या सकाळी पारणं आहे, या बरं का, बँड सांगितलाय!"... बँड! पोर उपाशी आणि यांनी बँड सांगितलाय! माणसानं समजायचं तरी काय?

तर तुम्हाला सांगतो, हे धनसिंगआबा म्हणजे आमच्या धरणगावचे कापूसवाले शेतकरी, अंगानं आडवे, मनानं हळवे, आणि दिपमाला त्यांची एकुलती एक पोर. जळगावला कॉलेजात तिचं आणि मननचं जमलं. मनन हा जतनबाईंचा मुलगा, धुळ्यात कापडाचं दुकान, घर मारवाडी जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या खानदेशातच मुरलेलं. दोन्हीकडून थोडी कुरकुर झाली, मग झालं लग्न. पण मांडवात आबांची भावकी कानाला लागलेली, "आबा, तठे कांदा नही, लसूण नही, भरीत नही... पोर खाई काय?" आबा म्हणाले होते, "खाई काहीतरी." आणि आता बघा, खातच नाही म्हणे!

"यास्नी मनी पोर उपाशी मारी टाकी!" आबांनी ताट खाली ठेवलं, तोंडात मोदकसुद्धा टाकला नाही. भागाबाईंना घर सोडता येईना, गणपती आलेला ना! पण त्यांनी पिशवी भरली, केळी, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली रताळी, बटाट्याचा कीस, सगळं उपासाचं, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तिले सोताना हातखाल बसाडा अन् खावाडा." म्हणजे, समोर बसवून स्वतःच्या हातानं खाऊ घाला. आबा एसटीत बसले ते थेट धुळ्यापर्यंत मनातल्या मनात भांडत गेले. काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं. पोलिसात जायचंसुद्धा ठरवलं!

घरात शिरतात तर काय, ही गर्दी! मधोमध खुर्चीवर दिपमाला, लग्नातला शालू, हातावर मेंदी, चेहरा एवढासा झालेला पण डोळे लखलखीत, आणि येणारी प्रत्येक बाई, तिच्या आजेसासूच्या वयाची बाईसुद्धा, तिच्यापुढं वाकून विचारते, "शाता आहे ना?" म्हणजे बरं वाटतंय ना. आबा रडवेले झाले, पिशवी उघडली, "खा माय, उपासनं शे बठ्ठं!", सगळं उपासाचंच आहे म्हणे... आणि बटाट्याचा कीस बघून जतनबाई अशा मागं सरकल्या, अशा मागं सरकल्या, जशी पिशवीतून घोरपडच निघाली!

"आबा, आमच्याकडं उपवास म्हणजे फक्त पाणी. उकळलेलं. तेही सूर्य आहे तोवर. आणि बटाटा-रताळं तर आम्ही एरवीही खात नाही, जमिनीखालच्यात फार जीव असतात."

आता आली का पंचाईत! आबांच्या घरी जे खास उपासाला खायचं, ते यांच्याकडं बिनउपासालाही चालत नाही! माणसानं समजायचं तरी काय?

पुढचं ऐका. तोच दिवस संवत्सरीचा, म्हणजे यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, घरातल्या सगळ्यांचेच उपवास, चूल थंड. तरी जतनबाई म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे, तुमच्यासाठी वरण-भात टाकते." झालं, आबांना लाज वाटली. बायामाणसं उपाशी आणि आपण एकटे भुरके मारत बसायचं? म्हणाले, "नाही नाही, आज माझाही उपास आहे!" मनात हिशोब असा, की दूध येईल, केळं येईल, गेलाबाजार खजूर तरी... तर आलं काय? तांब्याभर गरम पाणी! आणि भिकमचंदभाऊ, म्हणजे व्याही, ते तर गहिवरलेच, "वा आबा! अनुमोदना, तुमच्या तपाला शाबासकी! चला, स्थानकात महासतीजींकडून रीतसर नियम घ्या!"

गेले बिचारे. स्थानक म्हणजे मोठा हॉल. आबा सवयीनं चपला काढून, हात जोडून देव शोधतात... देवच नाही! ही भिंत बघ, ती भिंत बघ. व्याह्यांना कानात विचारलं, "देव कोठे शे?"

"आमच्या पंथात मूर्ती नसते, आबा."

"मग नमस्कार कोणाला?"

"गुणांना."

आता गुणांना हार कुठं घालणार, सांगा! तेवढ्यात तोंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या साध्वी, त्याच महासतीजी, काहीतरी म्हणू लागल्या, सगळे उभे राहिले, आबांना वाटलं आरती सुरू झाली, तेही हात जोडून उभे, डोळे मिटून भक्तिभावानं मान डोलावली... आणि झाला नियम! सूर्य बुडाला की पाणीसुद्धा बंद, थेट उद्या सकाळपर्यंत!

घरी आल्यावर पोरीला एकटीला गाठलं. "खरं सांग माय, जबरदस्ती करी का?"

"नाही आबा. सासूबाई तर दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, पुरे कर. मीच नाही म्हटलं."

"मग देवकडे मांगं काय?"

"मागायचं नसतं. तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत, म्हणतात. आपलं कर्म आपणच झडवायचं."

"देतस नही? अन् तू आठ दिवस..." आबांना चक्कर यायला लागली, अर्धी भुकेची, अर्धी तत्त्वज्ञानाची. त्यांच्या गणपतीनं आजवर मागितलेल्यातलं निम्मं तरी दिलेलं, बोअरला पाणी दिलं, उशिरा का होईना ही पोर दिली. नवस बोलायचा, मिळालं की फेडायचा, सरळ व्यवहार. इथं घेणारा नाही, देणारा नाही, आणि तरी पोर उपाशी! माणसानं समजायचं तरी काय?

दिपमाला हसली. "आबा, मांडवात सगळे म्हणत होते ना, पोर खाईल काय? मीही घाबरलेच होते. आता भुकेची भीतीच गेली बघा."

 एवढ्यातेवढ्या खाण्यावरून रुसणारी पोर ही, आबा मनाशी म्हणाले.

आणि संध्याकाळी प्रार्थना करून सगळे परतले तर काय, भिकमचंदभाऊ आणि जतनबाई दोघंही आबांपुढं हात जोडून उभे! "मिच्छामि दुक्कडम्, आबा. जाणता-अजाणता आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा." आबा ताडकन उठले, "आलं ना बाहेर! काय केलं तुम्ही माझ्या पोरीला?" सगळं घर हसायला लागलं. मनन म्हणाला, "काही नाही केलं आबा, आज सगळेच सगळ्यांची माफी मागतात."

"काही न करताच?"

"कळत नकळत केलं असेल तर."

आणि आबांना एसटीतलं सगळं भांडण आठवलं हो! आपण तर अगदी कळून, धरणगावपासून ठरवून यांना शिव्या घातल्या! खाली मान घालून त्यांनीही हात जोडले, "मग माझंही ते... दुक्कडम्." जतनबाईंनी पदरानं डोळे टिपले. विहिणीला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! आता काय सांगायचं तिला?

रात्र कशी काढली ते विचारू नका. सकाळी बँड वाजला आणि मुगाच्या पाण्याची वाटी जतनबाईंनी आबांच्याच हातात दिली, "पहिला घोट माहेरचा." आबांनी चमचा भरून पोरीच्या ओठांना लावला. पोरीनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग दुसरा चमचा तिनंच आबांच्या तोंडाला लावला. मुगाचं नुसतं पाणी, ना मिरची, ना फोडणी... आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाला तसली चव जन्मात लागली नव्हती म्हणे.

दुपारी धरणगावला आले. भागाबाई दारातच. आबांनी सगळं सांगितलं, कर्म, गुण, गरम पाणी, जेवढं कळलं तेवढं आणि नाही कळलं तेही. भागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं काय?

"आठ दिवस तिला कोणी स्वयंपाक सांगितला नाही?"

"नाही."

"वरून सगळे तिच्या पाया पडले?"

"हो ना!"

"अन् मी? चतुर्थी धरते, एकादशी धरते, हरतालिकेला पाणीसुद्धा पीत नाही, आणि उपाशीपोटी तुमच्या भाकरी थापते. माझ्या पाया पडलं का कोणी आजवर?... मी बी बसणार पुढच्या वर्षी. आठ दिवस. पाणी तुम्ही उकळा."

आबांनी मान डोलावली... आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाला घरात पातेलं कुठं असतं तेसुद्धा माहीत नाही हो!